खोट्या शपथेचा किनारा

साइव या नावाचा अर्थ गोड. आमच्या भाषेतलं फार जुनं नाव आहे ते. पण आमच्या रॉस ना स्मेरमध्ये, डब्लिनपासून दूर समुद्रात शिरलेल्या या खडकाळ भूशिरावर, त्या अर्थाची थट्टाच जास्त व्हायची. पाद्रीबाबांनी हिच्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात चुकून व्हिनेगर ओतलं असावं, असं पुरुष म्हणायचे. साइवच्या कानावर ते जायचं. ती म्हणायची, "गोड होते मी. मग फेहीनने शपथ घेतली."

ती उंच होती, हाडापेराने मजबूत. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात लाल लोकरीचा घागरा आणि वडिलांचा जुना कोट. लग्न केलं नाही. दोन जणांनी विचारलं होतं, ते दोघेही भले होते, असं माझी आई सांगायची. साइव मोजे विणायची, कोंबड्या पाळायची, आणि नावं ठेवायची. प्रत्येक कोंबडीला नाव, बटाट्याच्या प्रत्येक वाफ्याला नाव, घराच्या कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्यालासुद्धा. तिच्याकडे एक हट्टी बोकड होता, त्याचं नाव तिने फेहीन ठेवलं होतं. संध्याकाळी त्याला घरी बोलावताना ती ज्या हाका मारायची, त्या ऐकायला आम्ही पोरी कुंपणाच्या दगडांवर बसून राहायचो. खरा फेहीन त्याच रस्त्याने जायचा. तो वर बघायचा नाही.

फेहीन तोमाश रुआ, म्हणजे तांबड्या केसांच्या तोमाशचा फेहीन. आमच्याकडे माणसाच्या नावामागे बापाचं आणि आजाचं नाव लावल्याशिवाय तो कोण ते कळत नाही, कारण फेहीन नावाचीच चार माणसं होती रॉसवर. फेहीन म्हणजे छोटा डोमकावळा. नावाचा दोष नाही त्यात, एका मोठ्या संताचंही तेच नाव होतं. पण या फेहीनचे डोळे खरंच तसे होते, बारीक आणि दुसऱ्याच्या ताटावर.

झालं ते असं. साइवचे वडील मॅक दारा. दारा म्हणजे ओकवृक्ष, मॅक दारा म्हणजे ओकाचा मुलगा, आणि माणूसही तसाच होता. त्यांच्या घराखाली अर्धचंद्रासारखा एक किनारा आहे. त्याला तेव्हा त्रा व्हॉन म्हणायचे, पांढरा किनारा. वादळानंतर तिथे लाल शेवाळ येऊन पडतं, तेवढं रॉसवर दुसरीकडे कुठेच पडत नाही. आमच्या खडकाळ जमिनीत शेवाळाशिवाय बटाटा होत नाही. म्हणून ज्याच्याकडे किनारा त्याच्याकडे पोट, हे इथे लहान मुलालाही कळतं. तो किनारा मॅक दाराच्या घराण्याचा होता, आणि त्याला कागद नव्हता. कोणाच्याच किनाऱ्याला नव्हता. माणसांना ठाऊक असायचं, तेवढं पुरायचं.

मॅक दारा आजारी पडले तेव्हा साइव एकोणीस वर्षांची होती. शेवटचे आठ-दहा दिवस त्यांची वाचा गेली होती. साइव चमच्याने दूध पाजायची आणि त्यांच्या डोळ्यांवरून समजून घ्यायची. ते गेल्यावर महिन्याभरात फेहीनने बाजारगावच्या कोर्टात सांगितलं, की मॅक दाराने मरणापूर्वी मला बिछान्यापाशी बोलावलं आणि किनारा माझ्या हवाली केला, स्वतःच्या तोंडाने. धर्मग्रंथावर हात ठेवून सांगितलं.

ज्यांना खरं ठाऊक होतं ते सगळे कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. पण रॉसवर माल आणणारी मोठी होडी एकच होती आणि ती फेहीनची होती. पीठ तिच्यातून यायचं, जळण तिच्यातून यायचं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. साइवचं म्हणणं एकटीचं पडलं, आणि ती तर मुलगीच.

माझी आई तिच्याबरोबर चालत परत आली. साइव वाटभर ताठ चालत होती. रडली नाही. तिने गुडघे टेकून, केस मोकळे सोडून फेहीनला शाप द्यावा, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. आमच्याकडे बायका तसं करतात, आणि पुरुष त्याला घाबरतात. फेहीन तर म्हणे शाप बाधू नये म्हणून आठवडाभर खिशात मीठ घेऊन हिंडला. साइवने काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन निघाली. आईने विचारलं, कुठे निघालीस? साइव म्हणाली, "त्रा अन् एहीच्या पलीकडे, खडकांवर. शिंपले काढायला."

एही म्हणजे असत्य, खोटी शपथ; त्रा अन् एही म्हणजे खोट्या शपथेचा किनारा. असा किनारा रॉसवर कुठे होता? आईला समजायला क्षणभर लागला. मग ती तोंडावर शाल धरून घरात पळाली.

शापापेक्षा हे वाईट, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. शाप एकदाच द्यायचा असतो. साइव रोज सकाळी ते नाव घ्यायची. वाट विचारणाऱ्या फेरीवाल्याला तेच सांगायची. मेंढी हरवली तर, "त्रा अन् एहीच्या चढावर दिसली होती मला." कोणाच्या मयताला गेली की वाऱ्यापावसाच्या गप्पांत ते सहज घालायची. खडकांवरच्या समुद्री गोगलगाई वेचायला जाणाऱ्या पोरांना ती दारात बोलावून भाकरीचा तुकडा द्यायची आणि विचारायची, कुठे निघालात? बरोबर सांगितलं की भाकरीवर लोणी.

आधी लोक हसायचे आणि इकडेतिकडे बघून ते नाव घ्यायचे. मग नुसतं हसायचे. मग हसायचंही थांबलं. मी शाळेत जायला लागले तोवर त्या जागेला दुसरं नाव होतं हे आम्हा मुलांना माहीतही नव्हतं. शब्दाचा अर्थ कळायचा, पण कानाला लागायचा नाही. नावं अशीच वापरून गुळगुळीत होतात. माझं नाव एहना, म्हणजे बियांच्या आतला गर. मला हाक मारताना गर कोणाला आठवतो?

एकाच माणसासाठी ते नाव कधी गुळगुळीत झालं नाही. फेहीनला ते दर वेळी नवंच ऐकू यायचं.

त्याने उपाय पुष्कळ केले. पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या देऊन पांढरा किनारा म्हणायला शिकवलं. पोरं गोळी खाऊन म्हणायची, "थँक्यू फेहीन, आम्ही त्रा अन् एहीवर सगळ्यांना सांगतो." किनाऱ्याच्या तोंडाशी स्वतःच्या नावाची पाटी लावली, ती पहिल्याच वादळात गेली. वादळानेच नेली, असं साइवचं म्हणणं. शेवटी तो पाद्रीबाबांकडे गेला. बाबा नवीन होते, आतल्या मुलखातले, तावातावाने बोलणारे. पुढच्या रविवारी त्यांनी वेदीवरून सांगितलं, की या गावात एका शेजाऱ्याची बदनामी करणारं एक नाव चालतं आणि ते उच्चारणं पाप आहे. सगळे खाली माना घालून बसले. पण चर्चमध्ये डोंगरापलीकडच्या वाड्यांतली माणसंही होती, त्यांना काही कळेना. ती एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. तेव्हा बाबांनी, कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून, ते नाव मोठ्याने, सावकाश, दोनदा सांगितलं. त्या दिवसापासून डोंगरापलीकडेही तेच चालू झालं.

विहिरीवर एकदा साइव आणि फेहीनची गाठ पडली. मी तिथे होते, कळशी भरत होते. फेहीनची बायको त्याच हिवाळ्यात गेली होती. तो थकलेला दिसत होता.

"पुरे कर आता, साइव," तो म्हणाला. "माझ्या पोराला शाळेत त्या नावावरून मारलं. किरानने तुझं काय केलंय?"

"किरानने काही नाही केलं. गुणी आहे तो. आईवर गेलाय."

"मग?"

"तू कोर्टात जा आणि खरं सांग. मी दुसऱ्या दिवशी पांढरा किनारा म्हणायला लागते."

"इतक्या वर्षांनी?"

"मी काय म्हातारी झालेय? मी थांबते."

त्याने कळशी उचलली आणि न भरताच गेला.

पुढे मी बाजारगावात नन्सच्या शाळेत शिकले. तिथे आम्हा सगळ्यांची नावं इंग्रजी करून हजेरीत घातली होती. मी चार वर्षं ॲनी होते. परत येऊन गावच्या शाळेत शिकवायला लागले. त्यानंतर काही वर्षांनी डब्लिनहून एक सरकारी माणूस आला. रुआरी त्याचं नाव, म्हणजे तांबडा राजा, पण हा आपला टकला, चष्मेवाला, सारखा शिंकणारा. टेकड्या, खडक, ओढे, शेतं, सगळ्यांची आमच्या भाषेतली नावं गोळा करायची आणि नव्या नकाशावर छापायची, असं त्याचं काम होतं. मी त्याला घरोघर नेत होते.

रॉसवर ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यांना एकाच जागेची आठवण झाली. तोंडातलं नाव माणसाबरोबर मरतं. छापलेलं मरत नाही. फेहीनला कळत होतं, आणि साइवलाही.

फेहीनने त्याला पहिल्याच दिवशी घरी नेलं. कोंबडी कापली होती. नकाशा टेबलावर पसरून आपल्या मालकीचे चारही किनारे त्याने बोटाने दाखवले आणि एकेकाचं नाव सांगितलं. चौथा, पांढरा किनारा. रुआरीने पेन्सिलीने लिहून घेतलं. परतताना मी त्याला सांगितलं की सगळा गाव त्या किनाऱ्याला वेगळं म्हणतो. तो म्हणाला, तेही ऐकलंय, पण माझी पद्धत ठरलेली आहे. नाव अपमानाचं असेल आणि मालकच ते नाकारत असेल, तर मी मालकाच्या तोंडचं घेतो. भांडणं लावायला मी आलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साइवकडे गेलो. ऑक्टोबर महिना, आदल्या रात्री मोठं वादळ झालेलं. त्या दिवसाच्या माझ्या डायरीत वाऱ्याची दिशासुद्धा लिहिलेली आहे. गावातले जवळजवळ सगळे पुरुष रॉसच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्याजवळच्या किनाऱ्यांवर शेवाळ भरायला गेले होते. साइवने आम्हाला चुलीजवळ बसवलं. चहा दिला, खायचा सोडा घालून भाजलेली भाकरी दिली, आणि तिच्या वाफ्यांची नावं सांगितली. रुआरी हसत हसत लिहीत होता. मग तिने विचारलं.

"खालच्या किनाऱ्याचं काय लिहिलंस, पोरा?"

त्याने सांगितलं. का लिहिलं तेही सांगितलं, आणि माफीसुद्धा मागितली. मला वाटलं ती आता चहाचा कप त्याच्या डोक्यात घालणार. तिने विणकाम हातात घेतलं.

"म्हणजे त्याच्या तोंडून आलं तरच लिहिशील."

"हो, बाई."

"बरं," ती म्हणाली, आणि टाके मोजायला लागली. मी तिला ओळखत होते. मला त्या मोजण्याची भीती वाटली. तीस वर्षं ती ज्याच्यासाठी थांबली होती, ते दुसऱ्याच दिवशी डब्लिनला जाणार होतं, चुकीचं होऊन.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. फेहीन दारात उभा होता. डोक्यावर टोपी नाही, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"किरान," तो म्हणाला. "गाडी उलटली. पाय अडकलाय त्याचा. घोडी रुतलीय. पाट भरला, साइव, पाणी चढतंय."

त्या किनाऱ्याच्या मागे एक पाट आहे. भरती अर्ध्यावर आली की तो भरतो आणि किनाऱ्याचं बेट होतं. म्हणून तिथे पहिली गाडी भरली की दुसरीच्या मोहात पडायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फेहीन पहिली गाडी रिकामी करायला वर थांबला होता आणि दुसरीसाठी त्याने मुलाला पुन्हा खाली पाठवलं होतं. आता तिथे फक्त समुद्राच्या बाजूने, होडीतूनच जाता येणार होतं. फेहीनची होडी धक्क्यावर, मैलभर लांब. जवळ एकच होती, साइवची डांबर फासलेली हलकी होडी, तिच्या दारासमोर उपडी घातलेली. आणि वल्ही घरात, आढ्याला टांगलेली.

साइव आधीच उठली होती. तिने वल्ही खाली काढली, खांद्यावर घेतली आणि दाराशी गेली. तिथे ती थांबली. वल्ही दारात आडवी झाली. त्यांना ओलांडून कोणी बाहेर जाऊ शकलं नसतं, की आत येऊ शकलं नसतं.

"कुठे?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? खाली. माझ्या किनाऱ्यावर."

"तुझे किनारे चार आहेत, फेहीन. कालच तू या माणसाला मोजून दाखवलेस. कुठल्या?"

"पांढऱ्या किनाऱ्यावर."

"त्या नावाचा किनारा मला माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही."

मी उठले. मी तिच्या कोटाला हात लावला आणि म्हणाले, साइव, वेळ नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुआरी पेन्सिल हातात धरून तसाच बसला होता.

फेहीनचं तोंड हलत होतं. या गावात ते नाव न उच्चारलेला तो एकटाच माणूस होता.

"त्रा अन् एही," तो म्हणाला.

"कोणाची खोटी शपथ?"

"माझी. माझी, साइव. तुझ्या बापाला बोलता येत नव्हतं. आता चल."

ती चालायला लागली. मी तिच्यामागे धावले. होडी आम्ही दोघींनी डोक्यावर घेतली, पाण्यात सोडली, आणि वल्हवलं. परतताना किरानला घ्यायचं तर चौथ्याला जागा नव्हती, म्हणून फेहीन काठावरच राहिला. माझे यजमान पुढे आयुष्यभर म्हणायचे की माझे दंड त्या दिवसापासून असे झाले. लाटा मोठ्या होत्या. साइव फक्त "ओढ" आणि "थांब" एवढंच बोलत होती. किरान गाडीखाली छातीभर पाण्यात होता, ओठ निळे पडलेले. साइवने वल्हं गाडीच्या चाकाखाली घातलं आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. वल्हं मोडलं, पण पाय सुटला होता. घोडी गेली. एका वल्ह्याने आम्ही परत आलो. किरान थरथरत होडीच्या तळाशी पडला होता. साइवने बापाचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला. "तुझ्या आईसारखाच हलका आहेस, बाळ," ती त्याला म्हणाली.

अलीकडच्या काठाला होडी टेकताच फेहीनने मुलाला मिठी मारली. नंतर त्याने साइवकडे हात पुढे केला. तिने त्या हातात मोडक्या वल्ह्याचा तुकडा ठेवला आणि घरी गेली.

घरात रुआरी होता तिथेच होता. नकाशावरचं जुनं नाव त्याने खोडलं होतं आणि शेजारी नवं लिहिलं होतं. साइवला वाचता येत नव्हतं. तिने मला तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवायला सांगितलं. बोट ओलं होतं, तिथे डाग पडला. रुआरीने तो पुसला नाही.

किरान पुढे लंगडतच चालायचा. बरा झाल्यावर तो काठी टेकत साइवकडे आला आणि म्हणाला की वडिलांनी कबूल केलंय, किनारा तुमचा आहे, कागद करून देतो. मी तेव्हा तिथे कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"किनारा तू ठेव," ती म्हणाली. "तुला पोरं होतील, बटाटे लागतील. मला एकटीला किती शेवाळ लागतं? नाव मात्र माझं आहे. त्याला हात लावायचा नाही."

"पण आता वडिलांनी खरं सांगितलंय," किरान म्हणाला. "विहिरीवर तुम्हीच तसं म्हणाला होता ना?"

"कोर्टात सांग म्हणाले होते. माझ्या दारात, पोटचं पोर बुडत असताना सांगितलेलं खरं मी धरत नाही."

मला तेव्हा ते कठोर वाटलं होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. नाही वाटलं. मॅक दाराच्या तोंडात चमच्याने दूध घालणारी मुलगी मी पाहिली नव्हती, पण माझ्या आईने पाहिली होती.

नकाशा छापून आला. त्यानंतर उन्हाळ्यात शहरांतून मुलं-मुली आमची भाषा शिकायला रॉसवर यायला लागली. त्यांना प्रत्येक नावाचा अर्थ हवा असायचा. हातात नकाशा घेऊन ती रस्त्याने हिंडायची आणि पहिला जो म्हातारा दिसेल त्याला विचारायची. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आपल्या फाटकाच्या भिंतीवर, दिवसभर बसणारा म्हातारा एकच होता.

"आजोबा, याचा अर्थ काय हो?"

फेहीन पहिल्या वर्षी मला ठाऊक नाही म्हणाला. साइवने त्या वर्षापासून आपली खुर्ची घराबाहेर, रस्त्यासमोर आणून ठेवली होती. विणता विणता ती पलीकडून म्हणायची, "त्यालाच विचारा, पोरांनो. त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही." मग तो सांगायचा. फक्त शब्दाचा अर्थ. मुलं विचारायची, कोणाची खोटी शपथ? तो समुद्राकडे बघायचा. साइव उत्तर द्यायची नाही. ती थांबायची. कधी कधी तो म्हणायचा, "एका माणसाची." साइव तेवढ्यावर सोडून द्यायची, पुढच्या मुलांपर्यंत.

आठ उन्हाळे असे गेले. मग फेहीन गेला. त्याच्या मयताला साइव आली, ताठ बसली, तिच्यापुढे केलेली तंबाखू आणि चहा दोन्ही घेतलं, आणि तिथे जमलेल्यांशी वाऱ्यापावसाचं बोलली. मृताबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं.

पुढच्या जूनमध्ये तिची खुर्ची पुन्हा रस्त्यासमोर आली. भिंतीवर आता कोणी बसत नव्हतं. चष्मा लावलेली एक मुलगी नकाशा घेऊन तिच्यापाशीच आली आणि तिने अर्थ विचारला. मी शेजारी उभी होते. साइवने विणकाम मांडीवर ठेवलं आणि अर्थ सांगितला. मुलीने विचारलं, कोणाची?

"फेहीनची," साइव म्हणाली. मुलगी वहीत लिहायला लागली, तशी साइवने तिचा हात धरला. "थांब. नुसतं फेहीन लिहू नकोस, बाळ. या गावात त्या नावाची आणखी तीन माणसं आहेत, भली आहेत बिचारी. उगाच भलत्याला बोल नको. लिही, फेहीन तोमाश रुआ."

मुलीने लिहिलं.

"त्याच्या आजाचं नावही सांगते," साइव म्हणाली, आणि मुलीला बसायला स्टूल पुढे सरकवलं.